डोळेमावशीचा उजवा डोळा

गावातल्या सगळ्या खळ्यांवर मळणीचं मशीन फिरून गेलं होतं किंवा फिरणार होतं. डोळेमावशीच्या खळ्यावर मात्र दांडकी आपटत होती. मुलगा शहरात नोकरीला, म्हणून माणसं तीन आणि गहू अडीच एकरांचा. मधे नवरा, एका अंगाला सून, दुसऱ्या अंगाला मावशी. पसरलेल्या पेंढ्यांवर तिघांनी पाळीपाळीनं दांडकं मारायचं. पाळी चुकली की दांडक्यावर दांडकं आदळायचं आणि मनगटापासून खांद्यापर्यंत झिणझिण्या जायच्या. चुकायची ती दर वेळी मावशीच.

"अगं, कुठं मारतेस?" नवरा ओरडला.

"पेंढीवरच मारतेय."

"पेंढी इथं आहे. तू मातीला बडवतेयस. मातीतनं काय गहू निघणार आहे?"

मावशीनं दांडकं उचललं, अंदाज घेतला आणि पुन्हा मारलं. या खेपेला ते पेंढीच्या टोकावर पडलं आणि घसरून तिच्याच पायावर आलं. सुनेनं बघून न बघितल्यासारखं केलं.

एक डोळा गेला की अर्धं दिसतं असं लोकांना वाटतं. तसं नसतं हो. दिसतं सगळं, पण ते किती लांब आहे ते कळत नाही. पाणी पेल्याच्या बाहेर पडतं. पायरी आहे असं वाटतं तिथं ती नसते. कुणी हातात काही द्यायला आलं की आपला हात अलीकडेच थांबतो आणि देणारा म्हणतो, "धर की!" वर्षभरात मावशीनं किती पेले सांडले त्याला गणती नव्हती. सून मुकाट्यानं फडकं आणून पुसायची. कधी एक वाकडा शब्द काढला नाही पोरीनं, आणि त्याचीच मावशीला जास्त लाज वाटायची. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

त्यात नाकावर तो चष्मा. मोठा, पारदर्शक, बाजूनंही बंद, मागं रबरी पट्टा. रस्त्यानं जाणारी पोरं कुंपणाजवळ थांबायची, एकमेकांना ढोसायची आणि 'बेडूक, बेडूक' करत पळून जायची. आत घाम साचायचा, काच धुरकट व्हायची आणि मग जे काही दिसत होतं तेही दिसेनासं व्हायचं. तरी मावशी तो काढत नव्हती. आठच दिवसांपूर्वी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिला समोर बसवून बजावलं होतं.

"मावशी, डाव्या डोळ्याची आशा सोडा. तो परत येणार नाही. उजवा शाबूत आहे, तो सांभाळायचा. तेवढंच आता आपल्या हातात आहे. खळ्यावर हा चष्मा काढायचा नाही. पुसायचा असेल तर बाहेर जाऊन पुसायचा. आणि डोळ्यात काही गेलं तर चोळायचं नाही, कुणाला हात लावू द्यायचा नाही, घरातलं कसलंही औषध घालायचं नाही. सरळ इकडं यायचं. त्याच दिवशी. उद्या नाही."

"हो," मावशी म्हणाली होती.

"मागच्या वर्षी एवढा उशीर का केलात?"

उत्तर नवऱ्यानं दिलं. "माझा चुलतभाऊ मशीनवाला आहे, बाई. त्याच्या मशीननं डोळा गेला हिचा. मी बाहेरगावी होतो. साधं दवाखान्यात सुद्धा आणलं नाही त्यानं. माणूस नाही तो."

डॉक्टरीणबाईंनी मान हलवून कागदावर काहीतरी लिहिलं. मावशी फरशीकडे बघत बसली. फरशीवर कुणाच्या तरी चिखलाच्या चपलांचे ठसे होते, दारापासून खुर्चीपर्यंत. ते तिनं मोजून काढले, दोनदा.

आता खरं काय ते सांगायला हवं. मावशीला गाव डोळेमावशी म्हणत होतं ते काही चेष्टेनं नाही. गव्हाच्या कुसळाला बारीक उलटे दात असतात. ते आत सहज जातं आणि बाहेर यायचं नाव घेत नाही. मळणीच्या दिवसांत ज्याच्या त्याच्या डोळ्यात कुसळ जायचं, आणि ज्याचा त्याचा मोर्चा मावशीच्या दारात. ती मिठाच्या पाण्यानं चूळ भरायची, माणसाला उजेडाकडे तोंड करून बसवायची, पापणी काडीवर उलटी करायची आणि जिभेचं टोक अलगद फिरवून कुसळ उचलायची. एका फटक्यात. पंचवीस वर्षं तिनं हे केलं, फुकट केलं, आणि त्याचा तिला भारी अभिमान होता. दुसऱ्या कुणाच्या हातून झालं नाही की लोक म्हणायचे, "जा मावशीकडे." ते वाक्य ऐकलं की तिच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

मागच्या वर्षी मशीनवर पेंढ्या लावताना तिच्याच डाव्या डोळ्यात कुसळ गेलं. दुसऱ्याला सांगायची लाज वाटली. आरशासमोर उभं राहून फडक्याच्या टोकानं तिनं ते स्वतःच काढलं, आणि निघालंही. पण डोळा लाल राहिला, खुपायला लागला. फळीवर एक बाटली होती. सासूच्या मोतीबिंदूच्या वेळची, तीन वर्षं उघडी पडलेली. त्यातले थेंब ती सकाळ-संध्याकाळ घालत राहिली.

दुसऱ्या दिवशी मशीनवाला ट्रॅक्टर घेऊन दारात आला होता. नवरा बियाण्याच्या कामाला गेला होता, सून माहेरी होती.

"वहिनी, डोळा दाखव. अगं, हा तर टोमॅटो झालाय. चल बस, दवाखान्यात नेतो."

मावशी हसली होती. "मी जगाचे डोळे साफ करते, भाऊजी. मला कसला दवाखाना? जा तुम्ही, तुमची कामं बघा."

"बघ हं, परत म्हणशील."

"नाही म्हणत. जा."

सहाव्या दिवशी नवरा परतला तेव्हा बुबुळावर पांढरा डाग पडला होता आणि मावशी भिंतीला डोकं लावून कण्हत होती. दवाखान्यात नेलं, सुई झाली, औषधं झाली, पण वेळ गेली होती. तिला घरी सोडून नवरा तडक मशीनवाल्याकडे गेला. मशीनवाला म्हणाला, "अरे, मी न्यायला आलो होतो, तीच नाही म्हणाली." नवरा माघारी आला आणि त्यानं बायकोला सरळ विचारलं, "तो आला होता का?"

"नाही," मावशी म्हणाली.

एवढंच. एक शब्द. का म्हणाली ते तिलाही धड सांगता आलं नसतं. डोळ्यात आग पेटली होती, नवरा समोर घामानं निथळत उभा होता, आणि हो म्हणावं तर पुढचा प्रश्न येणार, मग तू गेली का नाहीस? आणि गावाला कळलं की डोळेमावशीनं स्वतःचा डोळा स्वतःच्या हातानं घालवला, तर पंचवीस वर्षांच्या नावाची माती होणार. ती नाही म्हणाली आणि नवरा उलट्या पावली चौकात गेला. तिथं त्यानं चुलतभावाच्या कानाखाली वाजवली, त्याच्या पोरांच्या देखत. मावशी डोळ्याला पट्टी बांधून त्याच्या मागोमाग गेली आणि चौकाच्या कोपऱ्यावर उभी राहिली. एका डोळ्यानं तिनं ते सगळं बघितलं.

त्या दिवसापासून दोन्ही घरांचं बोलणं-चालणं, येणं-जाणं, सगळंच तुटलं. आणि म्हणून अडीच एकरांचा गहू तिघं हातानं बडवत होती. परगावचं मशीन यायला पंधरा दिवस होते, आणि आभाळाचा भरवसा नव्हता.

मळणीच्या तिसऱ्या दिवशी सकाळी मावशीचं दांडकं सुनेच्या बोटावर पडलं.

सून पेंढी सरकवायला वाकली होती. मावशीला वाटलं, हात पलीकडे आहे. धप् झालं आणि पोरीच्या तोंडातून आवाज सुद्धा फुटला नाही, ती नुसती खाली बसली. मधलं बोट बघता बघता काळंनिळं झालं.

"अगं बाई! पोरी, दाखव, दाखव मला."

"काही नाही, आई. लागायचंच."

"तू बाजूला बस," नवरा मावशीला म्हणाला. आवाजात राग नव्हता, आणि तेच वाईट होतं. "तू नको आता दांडकं घेऊस. आम्ही दोघं करतो. तू आपली काड्या गोळा कर." मग सुनेकडे बघून तो पुटपुटला, "हिचा काय दोष? ज्यानं ही वेळ आणली त्याचे हात मोडायला हवे होते. मी एकच वाजवली."

मावशी काड्या गोळा करायला गेली. लहान पोरांना देतात ते काम. फडक्यानं बांधलेलं बोट वर धरून सून एका हातानं दांडकं मारत होती, आणि दर धप्प्याला काड्या वेचणारा मावशीचा हात थांबत होता. सांगून टाकावं असं तिला वाटलं. आत्ता, या क्षणी. तिनं तोंड उघडलं सुद्धा.

"अहो."

"काय?"

"पाणी आणू का?"

"आण."

दुपारी शिंपीण आली. पलीकडच्या आळीची, बोलायला फटकळ, डोळा हातानं झाकून.

"मावशी, काढ गं बाई हे. सकाळपासून जीव नकोसा केलाय."

मावशीचे पाय सवयीनं मिठाच्या डब्याकडे वळले. मग ती थांबली. सून दांडकं टेकवून तिच्याकडे बघत होती.

"मी नाही काढत आता," मावशी म्हणाली. "दवाखान्यात जा. दुपारच्या बसला वेळ आहे अजून."

"एवढ्याशा कुसळासाठी दवाखाना? एका डोळ्यानं दिसत नाही म्हणून घाबरतेस होय? अगं, जिभेला काय डोळे लागतात?" शिंपीण स्वतःच्याच विनोदावर हसली.

"तसं नाही. जिभेनं डोळ्यात घाण जाते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या."

"पंचवीस वर्षं कशी नाही गेली?"

गेली असेल, कुणास ठाऊक. कुणाकुणाचे डोळे आठ-आठ दिवस लाल राहिले होते ते तिला एकेक करून आठवायला लागलं होतं, आणि ते आठवू नये म्हणून ती रोज धडपडत होती. शिंपिणीनं तिचा उतरलेला चेहरा बघितला आणि तिला दया आली.

"त्या मेल्या मशीनवाल्यानं वाटोळं केलं बघ तुझं. आम्ही पण या वर्षी त्याला बोलावलं नाही. आमच्या आळीतल्या सात घरांनी नाही बोलावलं. दुसऱ्याच्या जिवाची पर्वा नाही त्याला कशाला पोसायचं? होय की नाही?"

मावशी खाली वाकून काड्या वेचायला लागली.

"जा, बस चुकेल तुझी," ती म्हणाली.

शिंपीण बडबडत बसच्या रस्त्याला लागली. सात घरं, मावशी मनात म्हणाली. माझ्या एका शब्दानं सात घरं. तिला स्वतःची किळस आली.

चारच्या सुमाराला पश्चिमेकडून ढग चढले आणि वारा सुटला. नवरा खूश झाला. "उफणून घेऊ. बडवलेलं तेवढं तरी पावसाच्या आत पोत्यात जाईल." तो तिवईवर चढला, सून खालून टोपल्या भरून द्यायला लागली, आणि तो उंचावरून धार सोडायला लागला. दाणे सरळ खाली, भुसा वाऱ्याबरोबर लांब. मावशीला केरसुणी देऊन राशीच्या कडेला बसवलं होतं, वरवरचा काडीकचरा सारायला. वाऱ्याच्या उलट्या बाजूला बस, म्हणजे अंगावर येणार नाही, असं नवऱ्यानं दोनदा सांगितलं.

चष्म्याच्या आत घाम तुंबला होता. काचेतून पिवळं धुकं दिसत होतं फक्त. मावशीनं एक ओंजळ कचरा म्हणून बाजूला सारली, आणि नवरा वरून कडाडला, "अगं, दाणे टाकतेयस! कचरा कुठला, दाणे कुठले, कळत नाही का?"

कळत नव्हतं. सकाळपासून दांडकं चुकलं, बोट फोडलं, आता दाणेही टाकले. उठून बाहेर जाऊन काच पुसून यायला हवं होतं. पण पुन्हा उठायचं, पुन्हा काम थांबवायचं, पुन्हा त्या दोघांनी मुकाट्यानं वाट बघायची. तिनं बसल्या बसल्या चष्मा कपाळावर चढवला. दोन मिनिटं, म्हणाली. तेवढी ओळ सारून घेते.

वारा त्याच वेळी फिरला. भुशाचा अख्खा लोट तिच्या तोंडावर आला. तिनं डोळा मिटला, पण उशीर झाला होता. उजव्या डोळ्यात वरच्या पापणीखाली काहीतरी रुतलं. ते काय आहे ते तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

"आई!" सुनेनं टोपली टाकली.

मावशीचा हात डोळ्याकडे गेला होता. तो तिनं दुसऱ्या हातानं घट्ट धरला. "नाही चोळायचं," ती स्वतःलाच ओरडून म्हणाली. "नाही चोळायचं."

पापणी हलली की आत कुणीतरी ओरबाडल्यासारखं होत होतं. डोळा किंचित उघडला तर नुसतं पाणी आणि उजेड. डावीकडे अंधार तर कायमचाच. हाही गेला तर? पेला नको, दांडकं नको, काडीही वेचता येणार नाही. ही पोर जन्मभर मला हाताला धरून परसात नेणार.

नवरा तिवईवरून उडी मारून आला. "फडकं आण स्वच्छ. टोक भिजव. मी काढतो."

"नको."

"अगं, दिसतंय मला ते."

"नको म्हणतेय ना! कुणी हात लावू नका. मला दवाखान्यात न्या."

"दुपारची बस गेली. आता उद्या सकाळी."

"त्याच दिवशी म्हणाल्यात त्या," सून म्हणाली. "बाबा, बाकीचे ट्रॅक्टर आज बाजाराला गेलेत. एकच आहे गावात." दोन खळी पलीकडून मशीनचा घरघराट येत होता, आणि तो कुणाचा ते तिघांनाही ठाऊक होतं.

"मेलो तरी जाणार नाही त्याच्याकडे," नवरा म्हणाला. "एक डोळा त्यानं घेतला, आणि दुसरा वाचवायला त्याच्याच ट्रॅक्टरवर बसायचं? लोक तोंडात शेण घालतील माझ्या. तुझ्यासाठी भाऊ तोडला मी. तुझ्या डोळ्यासाठी तोडला."

"त्यांनी नाही घेतला."

"काय?"

मावशीनं डोळे गच्च मिटले होते. नवऱ्याचा चेहरा दिसत नव्हता ते बरं होतं. दिसला असता तर पुन्हा गिळून टाकलं असतं तिनं.

"भाऊजी आले होते. मागच्या वर्षी, दुसऱ्याच दिवशी, ट्रॅक्टर घेऊन. चल म्हणाले. मीच गेले नाही. कुसळ तर मी त्याच दिवशी काढलं होतं. मग आईंच्या मोतीबिंदूचं जुनं औषध घातलं, सहा दिवस घातलं. तुम्ही विचारलंत, तो आला होता का, तर मी नाही म्हणाले."

वारा चालूच होता. वर ठेवलेल्या टोपलीतून भुसा सुर्र सुर्र उडत होता.

"मी त्याला चौकात मारलं," नवरा म्हणाला. आवाज अगदी बारीक झाला होता.

"हो."

"पोरांच्या देखत मारलं मी त्याला."

"हो."

"आणि तू बघत होतीस."

"बघत होते."

नवरा शिव्या देईल, निदान दांडकं आपटेल, असं मावशीला वाटलं होतं. त्याऐवजी तो पोत्यावर बसल्याचा आवाज आला. तो येणार नाही हे तिला कळलं. त्याला येववणारच नाही.

"पोरी, हात धर माझा," ती सुनेला म्हणाली. "मशीनकडे ने."

सुनेनं हात धरला, फडकं बांधलेला हात. बांधांवरून, ढेकळांतून मावशी ठेचकाळत चालली. प्रत्येक पावलाला डोळ्यात टोचत होतं. वाटेत कुणीतरी विचारलं, "काय झालं मावशी?" ती थांबली नाही. घरघराट जवळ आला, भुशाचा वास आला, तोंडावर धूळ यायला लागली. सुनेनं तिला थांबवलं आणि तिच्या डोळ्यांवर आपला तळहात आडवा धरला.

"मशीन बंद करा!" सून ओरडली. तिचा एवढा मोठा आवाज मावशीनं कधी ऐकला नव्हता.

पट्टा फडफडत थांबला. गडी बोलायचे थांबले.

"भाऊजी," मावशी म्हणाली. ते नेमके कुठं उभे आहेत ते न कळून ती मशीनच्या दिशेनं बोलत होती. "मागच्या वर्षी तुम्ही मला न्यायला आला होता. मी तुम्हाला परत पाठवलं, आणि घरात सांगितलं, आला नव्हता. मी खोटं बोलले. माझा डोळा तुमच्या मशीननं नाही गेला. माझ्या हातानं गेला."

कुणी खोकलं.

"आता काय झालंय?" मशीनवाल्यानं विचारलं. आवाज तिच्या मागून आला. ती उलट्या बाजूला तोंड करून बोलली होती सगळं.

"कुसळ गेलंय."

"कुठल्या डोळ्यात?"

"आहे त्याच."

तो गड्यांना म्हणाला, "पट्टा उतरवा. ट्रॅक्टर सोडवा मशीनपासून. लवकर." मग तिच्या दंडाला धरून त्यानं तिला वर चढवलं. सून मागोमाग चढली. अकरा मैलांच्या रस्त्यात खड्डा आला की तो गाडी हळू करायचा, आणि दर खड्ड्याला मावशीला जास्त रडू यायचं.

डॉक्टरीणबाईंनी सुन्न करणारा थेंब टाकला, पापणी उलटली, चिमट्यानं कुसळ काढलं. डोळा धुतला, निळ्या उजेडात बघितला.

"ओरखडा आहे. लगेच आलात ते बरं केलंत. पट्टी बांधत नाही, पण आज डोळा मिटूनच ठेवायचा. हे थेंब तासातासाला. उद्या सकाळी परत दाखवायला यायचं, त्यात चालढकल नाही."

"दिसेल ना?" सुनेनं विचारलं.

"उद्या सांगते. उद्या सकाळी आधी तुम्हालाच कळेल."

घरी आल्यावर मावशी मिटल्या डोळ्यांनी पडून राहिली. सून तासातासाला थेंब घालत होती. नवरा घरातच होता. त्याच्या हालचाली ऐकू येत होत्या, भांड्याचा आवाज, दाराची कडी. एकदा तो तिच्याजवळ येऊन उभा राहिला. "दुखतंय?" त्यानं विचारलं. ती "थोडं" म्हणाली. तो निघून गेला. याहून जास्त मागायचा आपल्याला हक्क नाही हे तिला कळत होतं.

पाऊस चार थेंब टाकून गेला. सकाळी उठल्यावर डोळा उघडायला मावशी धजेना. सून म्हणाली, "उघडा, आई," तरी ती तशीच बसून राहिली. मग तिनं हळूच पापणी उचलली. आधी धूसर पांढरं, मग खिडकी, मग खिडकीचे गज एकेक करून. मग सून. तिच्या बोटाचं नख काळं पडलं होतं, ते सुद्धा दिसलं.

"दिसतंय गं," मावशी म्हणाली, आणि तिला हुंदका आवरेना.

बाहेर ट्रॅक्टरचा आवाज आला. सून तिला दारापर्यंत घेऊन आली. अंगणात मशीनवाला उभा होता, मागं चार गडी, आणि ट्रॅक्टरला मशीन जोडलेलं. कुंपणापाशी शिंपीण डोळ्यावर दवाखान्याची पांढरी झापड लावून उभी होती, आणि तिच्या मागं आळीतल्या आणखी दोघीतिघी. कालची गोष्ट रात्रीत गावभर झालेली दिसत होती. नवरा खळ्याच्या कडेला होता. तो दोन पावलं पुढं आला.

"भाऊ, मी तुला..." तो म्हणाला आणि अडकला.

"तू थांब," मशीनवाला म्हणाला. "तुझं नंतर बघू." तो मावशीकडे वळला. "दिसतंय का?"

"दिसतंय, भाऊजी."

"नीट?"

"नीट दिसतंय."

"मशीन गड्यांजवळ सोडतो. ट्रॅक्टर परतला की ते तुमचा गहू करतील. तुला दवाखान्यात नेतो. पण त्याआधी कालचं परत सांग."

मावशीला कळलं नाही. "काय सांगू?"

"काल बोललीस तेच. काल डोळे मिटून बोललीस तू, आणि तेही माझ्याकडे पाठ करून. वर्षभर लोक माझ्या तोंडाकडे बघून तोंड फिरवत होते, वहिनी. माझी धाकटी पोरगी मला विचारते, बाबा, तुम्ही काकूला मरायला सोडलं होतं का. आता तुला दिसतंय. माझ्याकडे बघून सांग."

मावशीची मान आपोआप खाली गेली. पायाखालची माती दिसली, ओली, खड्ड्याखड्ड्यांची. तिथंच बघत राहावं, असं तिला वाटलं. डोळ्याला उजेड सोसत नाही म्हणावं, आज नको म्हणावं. कुणी काही म्हणालं नसतं. एवढ्या दुखण्यातून उठलेल्या बाईला कोण काय म्हणणार?

तिनं मान वर केली. वर्षभरात पहिल्यांदा तिनं त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. केस कानापाशी पांढरे झाले होते. डोळ्यांखाली काळं आलं होतं. ओठ घट्ट मिटलेले होते आणि तो वाट बघत होता. तिच्या डोळ्यातून घळाघळा पाणी येत होतं, पण तिनं पुसलं नाही. कुंपणापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात तिनं अगदी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. फडक्याचं टोक, फळीवरची बाटली, सहा दिवस, आणि तो 'नाही'. सगळं सांगून होईपर्यंत तिनं त्याच्यावरची नजर काढली नाही.